चोवीस व्होल्टचे दिवे

झिलू माजिक आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते,
होंड्याच्या तिस्कावर कुत्रीसुद्धा सावली बदलत नव्हती.
तांदळाच्या गोणीतून त्याने दोन दिवे काढले,
अंडी द्यावीत तसे, एकेक, सांभाळून.
"टिपराचे," म्हणाला. "पिकअपाक बसय."

काचेच्या आत लाल धूळ होती.
पिसुर्ल्याची. बाहेरून पुसून जाणारी नव्हे.
टिपर भंगारात गेला त्याला सहा चवथी झाल्या,
त्याने तेवढे दिवेच सोडवून घेतले होते.
नंबर प्लेट नाही, हॉर्न नाही. दिवे.

आधी फ्यूज. बॅटरीपासून वीतभर अंतरावर,
गावाच्या शिवेवर राखणदार असतो तसा.
मग लाल वायर, रबरी बुचातून केबिनमध्ये;
पत्र्याच्या कडेला ती उघडी घासू द्यायची नाही,
आज चालते, पुढच्या वर्षी चोर्ल्याच्या वळणावर धूर.
काळी वायर चॅसीला. तिथला रंग खरवडायचा
चकचकीत लोखंड दिसेपर्यंत.
आग्नेल कळवळतो: नव्या गाडीचा रंग, मेस्त्री!
अरे, रंगातून करंट जात नाही.
रंगावर विसंबलेल्या गाड्याच आपल्याला पोसतात.

आणि मध्ये रिले. काडेपेटीहून लहान काळी डबी.
झिलू विचारतो, हिचे काम काय?
सांगितले: दिव्यांना लागतो तो जोर
बटणाने अंगावर घ्यायचा नाही, जळेल ते.
बटणाने नुसती हाक मारायची.
हाक ऐकून आत एक पट्टी चिकटते, टक्,
आणि ओझे दुसऱ्याच वायरी वाहतात.
झिलू हसला. "म्हणजे आमचो सुपरवायझर."

संध्याकाळी बटण दाबले.
टक्.
दिवे लागले. लागले म्हणजे
तेल संपत आलेल्या समईएवढे.
तांबूस. आपलीच काच उजळेल इतपत.
आग्नेल जोड तपासायला धावला. मीटर लावला: बारा पॉइंट चार.
अर्थिंग बरोबर, फ्यूज बरोबर, कुठेच काही चुकले नव्हते.
बल्ब उपसून पाहिला. बुडावर बारीक आकडा, २४.

टिपर चोवीस व्होल्टचा. पिकअप बाराचा.
मला हे दुपारीच सुचायला हवे होते, वीस वर्षे हेच करतोय.
झिलूला तर माहीतच असणार.
तो बॉनेटला टेकून त्या तांबूस उजेडाकडे पाहत होता.
"पेटल्यात तर खरें," म्हणाला.

पेटले होते.
त्या उजेडात घाटातली म्हैस दिसली नसती.

बारा व्होल्टचे दोन बल्ब, पिवळे, एकशे ऐंशी रुपये.
काच उघडलीच होती, धूळही पुसली.
तो नको म्हणाला नाही, हो म्हणाला नाही,
तंबाखू मळत राहिला.

रात्री पलीकडच्या बंद वजनकाट्याच्या भिंतीवर
उजेड जुळवला. खडूची रेघ, तिच्या चार बोटे खाली.
समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाता कामा नये,
आणि धुक्यात तर आपलाच उजेड आपल्याला आंधळे करतो.
भिंतीवर अजून अक्षरे होती: भरलेली, रिकामी, टन.
झिलू पान्याने डावा दिवा किंचित खाली वाकवत होता,
अक्षरे काळोखात गेली तरी वाकवतच होता.
"पुरे," म्हटले. "रस्ता दिसायला हवा."

जुने बल्ब त्याने रुमालात बांधून डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकले.
पाचशे दिले. राहिलेले कोबीत फेडीन म्हणाला.

पहाटे साडेतीनला ती गाडी बेळगावला निघते.
माझे घर रस्त्याला लागून. झोप कधी लागते, कधी नाही.
खिडकीतून पिवळा उजेड आत येतो,
कपाटावरून, कॅलेंडरवरून सरकत जातो.
टक् इतक्या लांबून ऐकू येणे शक्यच नाही.
कोबी अजून आलेला नाही.