खोली क्रमांक चौदा

बारा खुर्च्या मांडल्या. मग सहाच ठेवल्या,
रिकाम्या कमी दिसाव्यात म्हणून.
फळ्यावर कालचं कुणाचं तरी गणित, अर्धवट;
पुसायचा धीर झाला नाही.

म्हापशाच्या या कॉलेजात माझा पहिला बुधवार.
सेमिनरीत सात वर्षं उत्तरं पाठ केली,
खिशात त्यांतलीच तीन पानं.

चार वाजून वीस. जॉयविन डोकावला:
"फादर, इथं चार्जिंगला प्लग आहे?"
होता. माझ्या पायाशीच.

नऊ टक्के. अकरा.
तो सांगत गेला: बाप तारवटी,
महिना झाला, जहाजावरून फोन नाही;
आई रोज ताट वाढते, झाकून ठेवते.
"तुम्ही काही करू शकता?"

तीन पानांत हे नव्हतं.
"नाही रे," म्हटलं.

चाळीस टक्के होऊन गेले,
तो काही उठला नाही.