गोलपोस्ट

आमच्या नदीत पाणी नसतं.
वाळू असते, फुटबॉलचं मैदान असतं,
काठाला कार्दोन निवडुंग, दोन माणसं उंच,
आणि रविवारी पोलोनियाच्या कणसांची वाफ.
बाहेरचा माणूस विचारतो, इथे पूल कशाला?
आम्ही हसतो. आम्हालाही नीटसं आठवत नसतं.

मंगळवारी रेडिओ म्हणाला :
पॅसिफिकमध्ये, दूर दक्षिणेला, काहीतरी फिरतंय.
अजून त्याला नाव नाही.
नाव नाही म्हणजे तसं काहीच नाही,
पोलोनिया म्हणाली, आणि कणसं सोलत राहिली.

एव्हारिस्तो मात्र पहार घेऊन नदीत उतरला.
आमचा रेफरी. गुडघा अधू, शिट्टी गळ्यात.
एकटाच खणत बसला गोलपोस्टच्या बुडाशी.
पोरं ओरडली, "अहो, शनिवारी सेमीफायनल आहे!"
तो म्हणाला, "कुणाशी, ते ठरायचंय अजून."

बुधवारी त्याला नाव मिळालं. बाईचं.
गुरुवारी काढूनही घेतलं : वारा पडला म्हणे,
आता नुसता पाऊस उरलाय.
नुसता.
एव्हारिस्तोनं तो शब्द दोनदा म्हणून बघितला,
कडू बी दाढेखाली आल्यासारखा.

शुक्रवारी रात्री गावावर चांदणं होतं.
एक थेंब नाही.
कुत्री तेवढी चर्चच्या चढावर जाऊन बसलेली.
डोंगरापलीकडे वीज लुकलुकायची, आवाज न करता,
शेजारच्या घरात कुणी आजारी असावं
आणि रात्रभर दिवा लावत-विझवत असावं, तशी.

आधी वास आला.
उपटलेल्या मुळांचा, शेणाचा, डिझेलचा.
मग दगडांवर दगड.
आणि त्या सगळ्यावरून शिट्टी,
लांब, तीनदा, सामना संपल्याची.
आम्ही पळालो. पोलोनिया रिकामं पातेलं घेऊन पळाली,
का, ते तिला आजही सांगता येत नाही.

सकाळी पूल होता,
दोन्ही टोकांचे रस्ते नव्हते.
मैदानात ट्रकएवढे धोंडे, एक फ्रीज, दार उघडं.
गोलपोस्ट एव्हारिस्तोच्या छपरावर, तारेनं बांधलेले,
जाळी नीट घडी घालून.

एका पोरानं विचारलं, आता कुठे रोवायचे?
तो पाण्याकडे बघत होता.
तपकिरी, दमलेलं, तरी थांबत नव्हतं.
"आधी माणसं मोजू," म्हणाला.

मोजली.
पुलाखाली झोपणारा, गाड्या धुणारा निकासियो
आकड्यात बसेना.
एव्हारिस्तोनं शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली
आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली,
या वेळी नावं घेऊन,
सावकाश.