पंधरा जूनच्या आधी

बारा जूनला कुलूप उघडेना.
चार थेंब खोबरेल सोडलं, तरी नाही.
शेवटी निंबाबाईनं खलबत्त्याचा दांडा आणला, एकच ठोका,
आणि खोलीत कोंडलेला सबंध मे महिना
उंदरांच्या लेंड्यांसकट अंगावर आला.

यादी होती माझ्याकडे.
यादीशिवाय मी धुळ्याच्या बाजारातसुद्धा शिरत नाही.
टाकी घासणे. खिचडीच्या तांदळाला ऊन.
पुस्तकं केंद्रशाळेत उतरणार, तिथून आपली आपण आणणे
(भटूभाऊची रिक्षा, दीडशे रुपये, पावती नाही).
मुलींच्या संडासाची कडी.
मुलींच्या संडासाची कडी.
दोनदा लिहिली, कारण गेल्या वर्षी
एकदाच लिहिली होती.

प्रशिक्षणात सांगितलं, पहिलीच्या मुलांचं स्वागत फुग्यांनी करा.
घेतले. पन्नासचं पाकीट.
पांझरेकडून सुटलेला जूनमधला वारा
आमच्या पटांगणात फुगा दहा मिनिटं टिकू देत नाही,
हे कुणाला कळवायचं, त्याचा रकाना फॉर्मात नव्हता.

लिंबाला आखाजीचा झोका अजून तसाच.
माहेरवाशिणी गेल्या, दोर राहिला,
कोरडा, फांदीला घासून घासून केसाळ झालेला.
काढणे, असं यादीत लिहून ठेवलं.

झुलाल सर एकतीस मेला निवृत्त झाले.
शाल, नारळ, शेवभाजीचं जेवण, फोटोत सगळ्यांचे डोळे मिटलेले.
आता दोन खोल्या, चार वर्ग, मी.
नवा माणूस येणार आहे. फाईल जिल्ह्याला आहे.
असेल.

त्यांचा खण रिकामा करायला घेतला.
वाटलं, जुनी परिपत्रकं निघतील.
निघालं ते असं: सुई, काळा दोरा,
एकही दुसऱ्यासारखं नाही अशी बटणं,
लिमलेटच्या चिकटलेल्या गोळ्या,
आणि तळाशी
लहान मापाच्या दोन चड्ड्या,
धुतलेल्या, घडी घातलेल्या.

एकोणीस वर्षं शेजारच्या खोलीत शिकवलं मी.
माझ्या कुठल्याच यादीत
चड्डी नव्हती.

गेल्या जूनमध्ये मालचेंचा रितिक
चौकट धरून उभा होता. म्हणाला, 'माले घर जानं शे.'
मी म्हटलं, 'माले नाही बाळा, मला. म्हण, मला.'
चुकलं काय त्यात? पुस्तकात मला असंच आहे.
त्यानं म्हटलं नाही.
ते नाही, दुसरंही काही नाही,
दिवाळीपर्यंत.
भिंतीपलीकडून सरांच्या वर्गाचं हसणं यायचं,
मी खिडकी लावून घ्यायचे.

माझी आई अहिराणीच बोलते.
मी धुळ्याच्या शाळेत ती पुसली, ओल्या फडक्यानं,
फळा पुसतात तशी.
आज दुपारी रिकाम्या वर्गातून तिला फोन लावला:
घाबरू नको, हे आपल्यात कसं म्हणतात गं?
ती हसली. म्हणाली,
'तसंच म्हनतस. फक्त खाले बसीसन म्हन.'

मग बसले खाली.
गुडघा कटकन वाजला.
फरशी गरम, फळा केवढा उंच,
आणि अक्षरांचा तक्ता तर जवळजवळ छताला;
ज्ञ दिसतच नव्हता, अ सुद्धा मान मोडून.
चौकटीकडे बघून म्हणून पाहिलं:
आठे ये रे. काय जयं? काब्र रडी ऱ्हायना?
आवाज माझा नव्हता. आईचाही नव्हता.
दारातून निंबाबाई म्हणाली,
'मॅडम, कोन रडी ऱ्हायनं?'

तक्ता दोन हात खाली आणला.
जुन्या खिळ्यांची भोकं वर तशीच राहिली.
संध्याकाळ झाली, यादीत थोडी जागा उरली होती.
लिहिलं:
बटणं.
चड्ड्या, आणखी दोन. मुलींसाठीही.
आणि झोक्यापुढचं 'काढणे' खोडून
राहू दे.