बिजागरीचे दात

स्फाक्सच्या प्रयोगशाळेत चिठ्ठ्या लिहिणं हे माझं काम:
कोण, कुठून, किती खोल, आणलं कुणी.
यातलं ‘कोण’ मी पेन्सिलीनं लिहिते.
बाकीचं शाईनं.

सकाळच्या बोटीनं केर्केन्नाहून लझर आला.
ऑक्टोपससाठी बुडवलेली त्याची मातीची मडकी,
एकेकाच्या गळ्याभोवती शिंपले
हिरव्या चिवट दोऱ्यांनी आवळून बसलेले.
‘घे तुझे पाहुणे, मबरूका.
भाडं देत नाहीत आणि हलतही नाहीत.
मोती तरी आहे का एखाद्यात?’
चौदा उघडले.
एकात होता. मोहरीएवढा, वाकडा.
त्यानं तो जिभेवर ठेवून पाहिला
आणि थुंकला.

मी बिजागरीपाशी भिंग धरते.
बारीक दात लागतात नखाला.
पॉलिनेशियाच्या कंकणाकृती बेटांत जो वाढतो, काळ्या ओठांचा,
त्याला दात नाहीत.
ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेचा, जेवणाच्या ताटाएवढा,
तोही बोळका.
जपानचा छोटा मात्र याच्यासारखाच,
इतका सारखा, की दोघे एक की वेगळे
हे ठरवता ठरवता माणसं म्हातारी झाली.
कॅलिफोर्नियाच्या आखातात आहे एक पंखवाला,
बिजागरी एका अंगाला शेपटीसारखी ओढलेली.
तो सख्खा नाही. चुलत.

आमचं हे मूळ बहरीनकडचं.
कालवा खणला माणसांनी, जहाजांसाठी.
कालवाला कुणी बोलावलं नव्हतं.
जहाजाच्या पोटाला चिकटून, कधी कासवाच्या पाठीवर,
कधी दिसतही नाही असं तरंगतं पिल्लू होऊन,
वाटेतल्या खारट तळ्यांची चव गिळत
ते अलेक्झांड्रियाला लागलं,
मग इथं, मग वर ग्रीसच्या बेटांपर्यंत.

खणातल्या जुन्या चिठ्ठ्या काढते.
माझ्या आधी मादाम झुबैदा होत्या,
त्यांच्या आधी कुणी फ्रेंच, अक्षर कोळ्याच्या पायांसारखं.
एकाच शिंपल्याला तीन नावं,
दोन खोडलेली, तिसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह,
आणि शिंपला खाली तसाच,
तपकिरी पट्ट्यांचा, उताणा.
गेल्या वर्षी मांसाचा एक कण परदेशी तपासायला पाठवला.
उत्तर आलं: वेगळी जात नव्हे, उपजात असावी.
‘असावी’ चिठ्ठीवर मावलं नाही.

जवाहिरे मोत्याचं पाणी बघतात.
मी शिंपल्याचं विचारते:
‘लझर, कुठल्या पाण्यातले हे?’
‘माझ्या मडक्यावरचे.
आणखी कुठले?’
‘तसं लिहिता येत नाही.’
‘मग मडकं कशाला मोजलंस?’

खोली: चार मीटर. समुद्रगवत.
आणलं कुणी: लझर गदामसी.
गदामस वाळवंटात आहे, लिबियात,
खजुरांचं गाव, समुद्रापासून कित्येक दिवसांवर.
त्यानं ते पाहिलेलं नाही,
त्याच्या बापानंही नाही.
हे आडनाव मी शाईनं लिहिलं,
कुणी काही विचारलं नाही.

दुपारपर्यंत त्यानं मडकी खरवडली,
तीन तशीच ठेवली, का ते सांगितलं नाही.
बोटीचा भोंगा झाला तरी
तो फरशीवर वाकून, टेबलाखाली हात घालून,
काहीतरी शोधत होता,
मोहरीएवढं.