यजमान

अक्कलकोटच्या वाटेवरलं कागदी लिंबू,
मोहोळची मोसंबी, कुंभारीचं कवठ,
आणि इरण्णानं बांधावरून उगाच तोडलेला बेल.
पानोपानी खैऱ्या: खरखरीत, बोटाला लागणारा,
भोवती पिवळं कडं.

बशीत वाढवले तर सगळे सारखेच,
पिवळे, चिकट.

मग सुई काढलेल्या सिरिंजनं
एकेकाला परक्या पानात सोडलं.
अक्कलकोटचा फक्त कागदीवर रुजला,
मोसंबीच्या दारी उपाशी राहिला.
मोहोळचा कुठंही पाट मांडून बसतो.
बेलाच्याचं काही कळेना,
तेरा दिवस लिंबाचं पान हिरवंच.

जेलवरच्या रेघा उजेडात धरल्या.
नान्नांच्या मागावर जॅकार्डचे पुठ्ठे असेच;
एक भोक चुकलं
की मोराच्या जागी भलतंच उतरायचं.

इरण्णा विचारतो,
"मॅडम, घराणं एक, मग ताट वेगळं कसं?"
आणि फोन आला म्हणून
कन्नडात बोलत बाहेर जातो.
मला घरी तेलुगूत विचारतील, जेवलीस का.

ग्लोव्हज काढता काढता
लिंबाचं ते पान पुन्हा उलटते.
चौदावा दिवस.
शिरेलगत एक ठिपका,
टाचणीच्या टोकाएवढा.