अनुभव: नाही

काल सौदा झाला, आज त्याला कामावर घेतलं.
वय एकसष्ट. मुकादमानं गाव विचारलं.
"कंदाहार."
"कंधार, जि. नांदेड," असं लिहून
पुढं लिहिलं, अनुभव: नाही.

तासगावातलं अडतीचं गोदाम. आम्हा बायकांच्या रांगेत त्याचं स्टूल.
नातवाच्या वयाचा बंट्या त्याला शिकवत होता
हिरवा कुठला, पिवळा कुठला, काडी कशी मोडायची.
तो नुसता मान हलवत होता.

मग एक बेदाणा त्यानं उजेडाकडं धरला,
दातानं हलकेच फोडला.
तोडक्या हिंदीत म्हणाला,
याला तीन दिवस ऊन लागलंय.
बंट्या खिदळला.
माल ज्यांचा, ते बाळगोंडा अण्णा हसले नाहीत.
शेडचं कापड फाटल्याचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

जेवताना मी त्याच्या भाकरीवर खर्डा ठेवला.
त्यानं ओल्या बोटानं फरशीवर मातीची भिंत काढली,
तिला भोकंच भोकं, वारा यायला.
"घर?"
"द्राक्षांचं. आमचं शेजारी होतं."
बघता बघता फरशी वाळली.

संध्याकाळी, कालच्या सौद्यात उधळलेले,
चपलांखाली आलेले बेदाणे
तो उकिडवा बसून वेचत होता.
"चाचा, ते फेकायचंय."
त्यानं मान हलवली.
फेकायचं, हा शब्द
त्याला अजून येत नव्हता.