खळ

रत्नागिरीहून निघालेला थर्माकोलचा डबा
पहाटे बाबा पंपापाशी उतरतो.
क्लीनर विचारतो, मासळी का, मामा?
मी म्हणतो, शिणाणे. विद्यापीठाचे.
डबा खांद्यावर घेतो. बर्फाचं पाणी
शर्टात उतरतं, खारट.

मी मूळचा जिल्दवाला.
गुलमंडीच्या बोळात तीस वर्षं
रोजकीर्दी शिवल्या, खतावण्या, हजेरीपटं,
एका वकिलाची तर अख्खी हयात.
मैद्याची खळ, तीत चिमूट मोरचूद;
निळसर झाक येईतो ढवळायची,
मग कसर लागत नाही.
पुढं हिशेब संगणकात गेले.
त्यांना पाठ नसते, शिवायचं काय?

आता बेगमपुऱ्याच्या वरच्या अंगाला
कुलथे मॅडमच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर.
इथला समुद्र मीच भरतो.
नळ आठव्या दिवशी येतो, तासभर;
तेवढ्यात चार पिंपं, मोजून मीठ,
काचेच्या टाकीत बुडबुड्यांची मोटर.
शिणाणे बसतात मुकाट, काळेहिरवे.
दिवे गेले की त्यातला एखादा जीभ काढतो
(तो पाय आहे, मॅडम म्हणतात),
काच चाचपतो, टेकवून धरतो,
उचलतो, तर मागं एक धागा
ओल्या काचेला चिकटलेला. पाण्यात!
आणि माझ्या दुकानात आषाढात
साधं लेबल धरायचं नाही.

तबस्सुम फळ्यावर काढून दाखवते:
हे प्रथिन, हा त्यातला डोपा,
हाच ओल्याला धरतो.
पण हवा लागली की तपकिरी पडतो,
मग त्याची पकड जाते.
म्हटलं, चिरून ठेवलेलं वांगं.
ती खडू हातात धरून थांबली.
अगदी तेच, मामा.
हजारो शिंपले मारले तर चिमूटभर निघतं,
म्हणून ती कृती तिनं जंतूंना शिकवली.
ते फ्लास्कात रात्रभर हिंदकळत
समुद्र न पाहता समुद्राचा डिंक करतात.
माझ्यासारखेच. मीही पाहिला नाही अजून.

शहागंजातून बकऱ्याचं कातडं आणायचं,
दोन पट्ट्या, बोटभर एकीवर एक,
मधे डिंक, खाली वजन, सगळं मिठाच्या पाण्यात.
उद्या हेच माणसाच्या आतड्यावर, म्हणे,
टाक्यांशिवाय. बाळाच्या फाटल्या पिशवीवरही.
सत्तावीस जोड सुटले.
सुटल्याची वेळ लिहायला रात्री मी बसतो,
अक्षर बरं आहे म्हणून.

अठ्ठाविसावा.
अडीच वाजता दोन किलो. तीनला तीन.
पावणेचारला आवाज आला, जुनं धोतर फाटावं तसा.
टॉर्च मारला:
कातडं फाटलं होतं. जोड तसाच.

सकाळी मॅडमनी स्वतः चहा केला.
तबस्सुमनं अम्मीला फोन लावला, बोलता येईना.
मी कप धरून कोपऱ्यात.
वैजूमामा, तुम्ही का गप्प?

काय सांगू. आमच्यात म्हणायचे,
खळ कागदाहून हट्टी नसावी.
पन्नास वर्षांनी कुणी दुसरा जिल्दवाला
तुझी वही उसवायला बसेल,
ओल्या फडक्यानं तिनं पान सोडलं पाहिजे.
पान फाडून जी जोड राखते
ती खळ नव्हे, अडेलपणा.
म्हटलं, मॅडम, डॉक्टरला परत उघडायची वेळ आली तर?
सुटायचं कसं?

कुणी काही बोललं नाही. मोटर बुडबुडत होती.
तबस्सुमनं वही ओढली, सत्तावीस खाडाखोडींखाली
माझाच प्रश्न लिहिला, तारीख घातली.

संध्याकाळी टाकी पुसताना दिसलं:
डाव्या काचेवर धाग्यांचा एक जुडगा,
नुसताच, पाण्यात हलणारा.
त्याचा धनी वीतभर पलीकडं
नवी जागा चाचपत होता.
कधी सोडलं यानं, मी जागाच तर होतो.
फडकं तिथंच थांबवलं.
तेवढी काच पुसली नाही.